२५ वर्षं विणल्यावर शिकायचं काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २५ वर्षं विणते आहे. स्वेटर, मोजे, टोप्या, शाली, सगळं करून झालं. पॅटर्न एकदा वाचला की हात आपोआप चालतात. पण गेल्या दोन-तीन वर्षांत नवं काही शिकले असं वाटत नाही. अवघड म्हणून जे घेते ते नुसतंच वेळखाऊ निघतं. इतक्या वर्षांनंतर शिकायचं तरी काय आणि कसं?"

तुमच्या 'आपोआप' या शब्दापाशी मी थांबले. हात आपोआप चालायला लागले की विणकाम सुखाचं होतं, गप्पा मारता मारता अर्धी बाही उरकते. पण त्याच दिवसापासून आपण आपल्या हातांकडे बघणं सोडून देतो. मी ३५ वर्षं विणते आहे, आणि त्यातली निदान १५ वर्षं मी तेच ते दोष मोठ्या सफाईने पुन्हा पुन्हा विणले. म्हणून माझं सांगणं थोडं बोचेल. नवा पॅटर्न इतक्यात शोधू नका. तुम्ही विणलेला सगळ्यात चांगला स्वेटर कपाटातून काढा, उजेडात धरा, आणि कुणी निरखून बघायला लागलं की तुम्ही पटकन हात ठेवता ती जागा शोधा.

अशी जागा प्रत्येकीची असते. कुणाचा गळ्याचा काठ उलटा वळतो, कुणाच्या काखेत भोकं राहतात, कुणाच्या मोज्याची टाच एका बाजूने झिरझिरीत दिसते. माझी जागा होती वेणीची डावी कड.

वेण्यांचा स्वेटर मी पहिल्यापासून हौसेने विणायचे. आजूबाजूला उलट टाके, मधे सहा सुलट टाक्यांची वेणी, म्हणजे तीन टाके शेजारच्या तीनांवरून ओलांडून घातलेला पीळ. उजवी कड सुरीने कापल्यासारखी यायची आणि डावी ढिली. वेणीचा शेवटचा टाका शेजारच्यांपेक्षा मोठा, वेडावाकडा, थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा. मी तिथे धागा ओढून बघितला, बारीक सुई घेऊन बघितली, धुतल्यावर बसेल म्हणून वाट बघितली. शेवटी 'आपला हातच तिथे सैल पडतो' अशी समजूत करून घेतली.

हात सैल पडत नव्हता. सुलट टाका विणून झाला की धागा मागच्या बाजूला असतो. पुढचा टाका उलट असेल तर तो धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि मग सुईवरून वेढा द्यायचा. सुलटानंतर सुलट किंवा उलटानंतर उलट विणताना जेवढा धागा लागतो त्यापेक्षा या वळशाला जास्त लागतो. हा जास्तीचा धागा कुठेतरी जिरणारच, तो आधीच्या सुलट टाक्यात जाऊन बसतो. उलटाकडून सुलटाकडे येताना वाट जवळची असते, म्हणून उजवी कड नीट. उपाय एवढाच, की वेणी संपल्यावरचा पहिला उलट टाका विणताना धागा सुईच्या वरून न नेता खालून घ्यायचा. वळसा आखूड होतो. मात्र तो टाका सुईवर उलटा बसतो. सुईवरच्या फाशाच्या दोन बाजू म्हणजे टाक्याचे दोन पाय, त्यातला नेहमी पुढे असणारा पाय मागे जातो. परतीच्या ओळीत तो सुलट म्हणून समोर येतो, तेव्हा मागच्या पायातून विणायचा. पुढून विणलात तर त्याला पीळ पडेल.

१५ वर्षांचं दुखणं १० मिनिटांत गेलं. आनंद झालाच, पण लाजही वाटली. कारण हे समजायला काहीही नवं लागलं नव्हतं. टाका सुईवर कसा बसतो, त्याचा कुठला पाय पुढे आणि कुठला मागे, एवढंच नीट बघावं लागलं. इतके टाके विणलेल्या बाईने ते कधी बघितलंच नव्हतं.

तिथून मग एकातून एक सुटत गेलं. दोन टाके एकत्र विणून कमी केले की ते उजवीकडे झुकतात आणि छान सपाट बसतात. डावीकडे झुकवायचे असतील तर आपण दोन टाके एकेक करून फिरवून घेतो आणि मग एकत्र विणतो. या फिरवाफिरवीत ते ताणले जातात, म्हणून गळ्याच्या एका बाजूची रेघ गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या. हे ठाऊक नसताना मीही ते 'असंच असतं' म्हणून सोडून दिलं होतं. आता एकाच तुकड्यात तीन तऱ्हा विणून बघा: एकदा नेहमीसारखं, एकदा दुसरा टाका न फिरवता नुसता सरकवून, आणि एकदा नेहमीसारखं करून पुढच्या सुलट बाजूच्या ओळीत तो टाका मागच्या पायातून विणून. तिन्हींतली कुठली चांगली ते मी सांगणार नाही. माझ्या हाताला दुसरी मानवते, माझ्या एका मैत्रिणीला तिसरी.

आता स्वेटरची उलट बाजू बघा. सपाट विणलेल्या भागात ओळींच्या जोड्या पडल्यासारख्या दिसतात का? दोन ओळी जवळ, मग बारीकशी दरी, पुन्हा दोन ओळी जवळ? तसं असेल तर तुमची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येते. बहुतेकींची येते. गोल विणलेल्या टोपीत हा दोष दिसत नाही, कारण तिथे उलट ओळच नसते. त्यामुळेच सपाट तुकड्यावर माप घेऊन गोल स्वेटर विणला की माप चुकतं. यावर परतीच्या ओळीसाठी थोडी बारीक सुई वापरता येते. किंवा वरचीच युक्ती पूर्ण ओळभर चालवायची: सगळे उलट टाके धागा खालून घेऊन विणायचे आणि पुढची सुलट ओळ मागच्या पायातून. जगात कित्येक जणी रोज असंच विणतात आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

दुसरी गोष्ट उसवण्याची. इतक्या वर्षांत तुम्ही उसवलं पुष्कळ असेल, पण कदाचित ओळीच्या ओळी ओढून. वेणीचा पीळ चुकीच्या बाजूला गेला आणि ते १२ ओळींनंतर लक्षात आलं, तर पूर्वी मी सुस्कारा टाकून १२ ओळी काढायचे. आता फक्त ते सहा टाके सोडते. त्या टाक्यांपर्यंत विणत यायचं, सहाही सुईवरून उतरवायचे आणि चुकलेल्या पिळापर्यंत खाली घरंगळू द्यायचे. छातीत धडधडतं, पहिल्या दोन-तीन वेळा तरी. समोर १२ आडव्या दोऱ्यांची शिडी उभी राहते. खालचे सहा टाके दोन्ही टोकांच्या छोट्या सुयांवर घ्यायचे, तीन-तीनची अदलाबदल बरोबर करायची, आणि सगळ्यात खालच्या दोरीपासून एकेक दोरी घेऊन पुन्हा वर विणत यायचं. एक दोरी चुकून सुटली की वर आल्यावर एक शिल्लक राहते, तेव्हा कळतं. कडेचे टाके आधी भयानक दिसतील, सुईच्या टोकाने इकडचा धागा तिकडे सरकवा आणि बाकीचं धुण्यावर सोडा. हे चांगल्या स्वेटरवर पहिल्यांदा करू नका. मुद्दाम एक चुकीची वेणी विणा आणि ती दुरुस्त करा. असा सराव मी कुणालाच करताना बघत नाही आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण एका संध्याकाळी याने जेवढी नजर तयार होते तेवढी तीन स्वेटर विणून होत नाही.

आकडेमोड हा बऱ्याच जुन्या विणणाऱ्यांचा कच्चा दुवा. आपण पॅटर्नवाल्याने केलेली गणितं वापरतो. माझी फजिती सांगते. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली, मेरिनो मेंढीची मऊ मुलायम लोकर होती. नमुन्याच्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आले. मला घेर १०० सेंटिमीटर हवा होता, म्हणून २२० टाके घातले. तुकडा धुतला नव्हता, 'आता काय, अंदाज असतो आपल्याला'. स्वेटर धुतला आणि १० सेंटिमीटरला २० टाके झाले. २२० टाक्यांचा घेर ११० सेंटिमीटर, आणि बाह्या बोटांच्या खाली. या प्रक्रियेत लोकरीच्या तंतूवरचे खवले काढून टाकतात किंवा झाकतात. एरवी त्या खवल्यांमुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात. पकड गेली की ओलं कापड आपल्याच वजनाने लांबतं. हे सगळं मी नंतर शिकले. आता माझे तुकडे निदान १५ सेंटिमीटरचे असतात, धुते, वाळवते, आणि स्वेटर जड होणार असेल तर तुकड्याला खाली चिमटे लावून दोन दिवस लटकवून मग मोजते. माप आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चिठ्ठीवर लिहून तुकड्याला टाचते.

हे जमलं की पॅटर्नशिवाय एक स्वेटर विणा. एलिझाबेथ झिमरमन या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत राहिलेल्या विणकाम शिक्षिकेने टक्केवारीची एक सोपी रीत रूढ केली. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या हिशेबात. मनगटाला साधारण २० टक्के, दंडाला ३३ ते ३५, गळ्याला ४०. आपल्या २२० टाक्यांचं म्हणाल तर मनगटाला ४४, दंडाला ७५ च्या आसपास, गळ्याला ८८. प्रत्येक अंगाला हे तंतोतंत बसत नाही, आणि तिथेच शिकायला मिळतं: कुठे, किती आणि का बदलायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

तुम्हाला वाटेल, टाके घालणं, बंद करणं यात आता काय उरलंय. विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये बनवलं, आणि हाताने विणणं तर त्याच्याही कितीतरी आधीचं. म्हणजे सगळ्या तऱ्हा कधीच्या शोधून झाल्या असणार. तरी पंजापासून मोजा सुरू करताना दोन सुयांवर एकदम टाके घालायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती ज्युडी बेकर यांनी प्रसिद्ध केली २००६ मध्ये. आणि मोज्याचा वरचा काठ हवा तेवढा ताणला जाईल असा बंद करायची जेनी स्टेमन यांची पद्धत २००९ ची. म्हणजे तुम्ही विणायला लागल्यानंतरच्या या गोष्टी आहेत. मी मोज्याचा काठ पूर्वी जाड सुईने बंद करायचे, तो झालरीसारखा फुलायचा. जेनीबाईंची युक्ती अशी, की प्रत्येक टाक्याच्या आधी सुईवर एक जास्तीचा वेढा घ्यायचा आणि तो त्या टाक्यावरून ओढून टाकायचा. टाचेवरून मोजा सरसर चढतो आणि घोट्यावर घट्ट बसतो.

दुसऱ्या प्रांतांतलं विणकाम शिकायचं असेल तर नुसती नक्षी उचलू नका, हात कसे चालतात ते उचला. पोर्तुगालमध्ये धागा मानेवरून किंवा छातीशी लावलेल्या आकड्यातून घेतात आणि डाव्या अंगठ्याने नुसता टिचकीसारखा सुईवर टाकतात. त्यात उलट टाका सुलटापेक्षा सोपा. आयुष्यभर उलट ओळीला नाक मुरडलेल्या माझ्यासारखीला हा धक्काच होता. शिवाय माझं उजवं मनगट दुखायला लागलं तेव्हा लांब उलट ओळींसाठी हीच पद्धत कामाला आली. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या रंगीत विणकामात एका ओळीत दोनच रंग असतात, आणि अंगभर गोल विणून मग पुढचा भाग कात्रीने सरळ कापतात. मी पहिल्यांदा कापलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. तिथली खरखरीत लोकर एकमेकांना चिकटून राहते, म्हणून टाके पळत नाहीत. वर सांगितलेली गुळगुळीत मेरिनो कापायला जाल तर रडाल.

दोन रंगांवरून आठवलं. रंगीत टोपीत अर्ध्यावर नक्षी फिकट पडल्यासारखी दिसते, असं कधी झालंय? लोकर बदललेली नसते, हात बदललेला असतो. मागून जाणाऱ्या दोन धाग्यांपैकी जो खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे होतात आणि तो रंग उठून दिसतो. आदल्या रात्री लाल खालून, दुसऱ्या दिवशी पांढरा खालून, एवढ्याने फरक पडतो. नक्षीचा रंग खालून, पार्श्वभूमीचा वरून, हे टोपी संपेपर्यंत बदलायचं नाही.

स्वीडनचा एक नमुना तर जरूर बघा. एमा याकोब्सोन यांनी १९३९ मध्ये बोहुसलेन भागातल्या बायकांना घरबसल्या कमाई मिळावी म्हणून बोहुस स्टिकनिंग हा विणकामाचा उद्योग सुरू केला, तो १९६९ पर्यंत चालला. त्यांच्या गळ्याच्या नक्षीत रंगीत ओळींमध्ये मधूनच उलट टाके येतात. उलट टाक्याच्या ठिकाणी खालचा रंग वर डोकावतो आणि दोन रंगांची सीमा विरघळल्यासारखी होते. एरवी रंग बदलल्यावर पहिल्याच ओळीत उलट टाका घ्यायचा नाही, असं आपल्याला शिकवलेलं असतं. त्या बायकांनी नेमकं तेच करून दाखवलं. एक हातभर पट्टी विणून बघा, रंग कसे मिसळतात ते वाचून कळत नाही.

शिकवणं हाही एक मार्ग आहे, पण मी तो सरसकट सुचवत नाही. काही जणी शिकवायला बसतात आणि स्वतःच विणून देतात. मला मात्र माझ्या १० वर्षांच्या भाच्याने जे विचारलं ते अजून पुरतंय: "आत्या, सुलट आणि उलट वेगळे टाके आहेत की एकच टाका दोन बाजूंनी?" उत्तर मला येत होतं, पण ते कधी असं डोळ्यासमोर आलं नव्हतं. पोरगा डावखुरा. त्याला दाखवायला म्हणून मी डावीकडून उजवीकडे विणायला शिकले, महिनाभर अगदी नवशिक्यासारखी. आता अरुंद पट्टी किंवा टाचेचा भाग विणताना काम वळवावंच लागत नाही, जाते तशीच परत येते.

सरावाचं थोडं सांगते. नवी पद्धत कधीही मोठ्या कामावर शिकू नका, आणि कुणाला भेट द्यायच्या कामावर तर नाहीच. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळी किंवा केसाळ लोकर टाका लपवते. एका वेळी १५ मिनिटं पुरे. इतक्या वर्षांच्या हाताला नवी हालचाल शिकवताना तो जोर लावतो, आणि नवशिकीपेक्षा आपलं मनगट लवकर दुखतं. बाजूला एक सोपं, ओळखीचं काम चालू ठेवा, नाहीतर दोन दिवसांत 'आपल्याला विणताच येत नाही' असं वाटून सगळंच टोपलीत जाईल. व्हिडिओ बघायचे तर सुया हातात घेऊन. नुसते साठवून ठेवलेले व्हिडिओ आणि नुसती साठवलेली लोकर यांच्याबद्दल न बोललेलंच बरं, माझंही कपाट तुम्ही बघितलेलं नाही.

तर कपाटातला स्वेटर, त्याची ती एक जागा, आणि तिच्यासाठी तीन-चार तुकडे. पहिला महिना एवढंच करा. पॅटर्न हवाच असेल तर त्यानंतर घ्या, आणि ज्यात एकच गोष्ट अनोळखी आहे असा घ्या.

माझं सध्या एस्टोनियाच्या हापसालू शालींमधल्या गाठींशी चाललंय. एकाच टाक्यात पाच, सात, नऊ वेढे काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र उलट विणायचे. वेढे अगदी सैल काढावे लागतात, आणि माझा हात जन्माचा घट्ट. पाचाची गाठ जमते. साताच्या गाठीत सुईचं टोक शेवटच्या दोन वेढ्यांपाशी अडतं, मग क्रोशाची सुई घेते. नऊची अजून एकही धड झालेली नाही, तुकडा तीनदा उसवून झाला.